ताप चुकवण्याचा दिवस

आमच्या गावात घड्याळ एकच होतं, पटवाऱ्याच्या घरी, आणि तेही बहुतेक बंद असायचं. पण एकांतरा मात्र वेळेवर यायचा. एक दिवस सोडून एक दिवस, सूर्य डोक्यावर आला की चांगल्या बसलेल्या माणसाच्या पाठीतून थंडी निघायची, दात वाजायला लागायचे, आणि मग घरातल्या सगळ्या गोधड्या त्याच्या अंगावर टाकून वर एखाद्यानं दाबून बसायचं. थंडी गेली की ताप, ताप उतरला की घाम. संध्याकाळी तोच माणूस उठून भाकरी मागायचा आणि दुसऱ्या दिवशी रानात कामाला जायचा. त्यामुळं आमच्याकडं एकांतऱ्याला कुणी आजार म्हणतच नव्हतं. आजारी म्हणजे ज्याला उठवत नाही तो. हा तर एक दिवस झोपतो आणि एक दिवस कापूस वेचतो.

आमचं गाव घनसावंगी आणि गोदावरी यांच्या मधलं. पावसाळा सरून नदी आत गेली की काठाला डोह आणि डबकी राहायची आणि भादव्यापासून दिवाळीपर्यंत गावातल्या घराघरात कुणी ना कुणी गोधडीखाली असायचं. लेकरांची पोटं डाव्या बाजूनं टणक व्हायची. त्याला पानथरी वाढली म्हणायचे आणि त्यावर म्हाताऱ्या बायका तापलेल्या सळईनं डागायच्या. माझ्या पोटावर तो डाग अजून आहे. परवा दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आजी, हे कशानं भाजलं? मी म्हटलं, भाजलं नाही बाई, तो इलाज होता. त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

मी सांगते ती निजामाच्या राज्याची अगदी शेवटची वर्षं. आम्ही दोघी बहिणी. अक्का माझ्यापेक्षा बरीच मोठी, तिचं लग्न होऊन ती शहागडच्या बाजूला नांदायला गेलेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून त्या भादव्यात अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तिला गाडीतून आणलं. पोट चांगलं दिसत होतं, सातवा लागला होता. येताना ती हसत उतरली, मला म्हणाली, किती वाळलीस गं, तुला कुणी खायला घालत नाही का. मला तेव्हा आधीपासूनच एकांतरा होता. पंधरा दिवसांत तिलाही लागला.

माझ्या तापाची घरात कुणाला काळजी नव्हती, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. लेकरांना ताप यायचेच. पण अक्काचा ताप निराळा होता. तापाच्या दोन पाळ्या झाल्या आणि तिचे ओठ पांढरे पडले, पायाला सूज आली, जिना चढावा तशी ती घराचा उंबरा चढायला लागली. माय रात्रंदिवस एकच म्हणायची, पोर सुखरूप मोकळी झाली पाहिजे. आमच्या घरात त्या दिवसांत दुसरं कसलंच बोलणं नव्हतं. बाळंतपणापर्यंत हा ताप गेला पाहिजे, नाहीतर हिच्यात जोर राहणार नाही, एवढं मायला पक्कं कळत होतं. तिला अडाणी म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. रोग तिनं बरोबर ओळखला होता.

इलाज मात्र तिच्याकडं तिच्या आईचा होता. एकांतरा चुकवायचा. पाळीच्या दिवशी सूर्य उगवायच्या आत माणसानं घर सोडायचं. कुठं जायचं ते घरात बोलायचं नाही, कारण बोललं की ताप ऐकतो. वाटेत कुणाशी शब्द काढायचा नाही. अंथरुणात माणसाऐवजी काहीतरी लांबोडकं घालून वर गोधडी पांघरून ठेवायची, म्हणजे ताप दुपारी येतो, त्यालाच माणूस समजून धरतो आणि फसून परत जातो. दिवस बुडाल्यावर मागच्या दारानं घरात यायचं. अशा सलग तीन पाळ्या चुकवल्या की तो त्या माणसाचा नाद सोडतो. मधली एक जरी मोडली तरी पुन्हा पहिल्यापासून.

तुम्ही हसाल. मीही पुढं शाळामास्तरीण झाल्यावर पोरींना सांगताना हसले आहे. पण त्या वेळी गावात हे करून बरी झालेली माणसं होती, आणि ती खोटं बोलत नव्हती.

अक्काची पहिली पाळी मायनं तिला आमच्या मळ्यातल्या खोपीत नेऊन चुकवली. ताप तिथंही आला, पण दुपार कलल्यावर आला. दुसऱ्या वेळी आणखी उशिरा, आणि थोडा वेळच. माय म्हणाली, बघा, वाट चुकायला लागला. आता एकच पाळी राहिली होती.

आणि त्याच दिवशी डॉक्टर यायचे होते.

पावसाळा सरला की तालुक्याच्या सरकारी दवाखान्याचे डॉक्टर गावोगाव दौऱ्यावर निघायचे. अंबड आमचा तालुका. हैदराबादेत कुणीतरी मोठ्या माणसानं ठरवलं होतं म्हणे, की खेड्यातल्या लेकरांची पानथरी तपासून कोणत्या गावात हिवताप किती आहे ते बघायचं, आणि ज्याला ताप असेल त्याला फुकट कोयनेल, म्हणजे हिवतापाची कडू दवा, द्यायचं. पण डॉक्टरांनी स्वतः पाहिल्याशिवाय कुणाच्या हातात गोळी पडता कामा नये. हुकूम चांगला होता. त्याआधी कोयनेल गावच्या मोठ्या घरात यायचं आणि तिथंच राहायचं, असं लोक सांगायचे. पण दौरा वर्षातून एकदा. म्हणजे वर्षातल्या त्या एका दिवशी तुम्हाला ताप असला पाहिजे आणि तुम्ही घरी असलं पाहिजे. हैदराबादेतल्या माणसाला आमचा ताप चुकवण्याचा दिवस माहीत नव्हता, आणि मायला हैदराबाद माहीत नव्हतं.

गावात दवंडी झाली तेव्हा अण्णा खुश झाले. त्यांनी दिवस मोजला आणि म्हणाले की नेमकी पाळीचीच तारीख आहे, डॉक्टर डोळ्यांनी ताप बघतील, हिला दवा नक्की मिळेल. माय म्हणाली की तिसरी पाळी मोडली तर आधीच्या दोन वाया जातील. त्यावरून दोघांचं खूप वाजलं. अण्णांचा आवाज चढला तशी माय गप्प झाली आणि चुलीपुढं जाऊन बसली. आमच्या घरात बाई गप्प झाली की पुरुष समजायचा, मानलं. अण्णाही तसंच समजले. डॉक्टरांचा मुक्काम घनसावंगीला होता आणि त्यांना आणायला गाडी द्यायची पाळी आमच्या गावाची, म्हणून अण्णा आदल्या दुपारीच बैल जुंपून तिकडं गेले. जाताना मला सांगून गेले, अक्काला उठू देऊ नको.

सकाळी मी उठले तेव्हा आतल्या खोलीत अक्का डोक्यावरून गोधडी घेऊन झोपली होती. माय दिसली नाही. मला वाटलं नदीला गेली. मी अक्काला उठवलं नाही, अण्णांनी सांगितलंच होतं. घुंगरांचा आवाज आला तशी मी चावडीकडं पळाले.

डॉक्टर उंच, सावळे, काळी शेरवानी घातलेले. त्यांच्याबरोबर एक कंपौंडर, एक चपराशी आणि एक पत्र्याची पेटी. त्यांनी गावातली सगळी लेकरं ओळीनं उभी केली आणि एकेकाच्या बरगडीखाली बोटं घालून दाबलं. माझ्या पोटाशी आले तेव्हा डाग बघून ते चुकचुकले. मग दाबलं, आणि कंपौंडरला काहीतरी उर्दूत सांगितलं. मला एका पेल्यात कडूजहर पाणी त्यांच्यासमोर प्यायला लावलं आणि पुढच्या दिवसांच्या गोळ्या पुडीत बांधून दिल्या. रोज घ्यायच्या, ताप गेला तरी घ्यायच्या, असं तीनतीनदा सांगितलं.

मग अण्णा हात जोडून म्हणाले की माझी मोठी मुलगी गरोदर आहे, उठवत नाही, आपण घरी याल का. डॉक्टर एका शब्दानं कुरकुरले नाहीत. चिखलातून आमच्या घरी आले. अण्णांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. सरकारचा डॉक्टर आपल्या उंबऱ्यातून आत येतो आहे, आणि आपली पोर आता वाचली.

डॉक्टर अंथरुणाशी उकिडवे बसले. त्यांनी आधी हाक मारली, बेटी, म्हणून. गोधडी हलली नाही. त्यांनी हात बघायला म्हणून हळूच ती बाजूला केली. आत आमचं मुसळ होतं. भात कांडायचं मुसळ, त्याला अक्काची जुनी चोळी गुंडाळलेली.

 बाहेर दारात जमलेल्या बायांतली एक फिसकन हसली, आणि तिला दुसरीनं चिमटा काढला. अण्णा मुसळाकडं बघत राहिले. त्यांना कळलं, मलाही कळलं, दारातल्या सगळ्यांना कळलं. फक्त डॉक्टरांना कळलं नाही. त्यांना वाटलं गावानं आपली थट्टा केली. त्यांचा चेहरा लाल झाला. अण्णांनी तोंडाला येईल तसं सगळं सांगितलं, पाळी, तीन दिवस, मायचा हट्ट. डॉक्टर ऐकत गेले आणि त्यांचा राग उतरत गेला. मला वाटतं असले हट्ट त्यांनी दुसऱ्या गावांतही पाहिले असावेत.

ती कुठं आहे, त्यांनी विचारलं. आणि ते कुणालाच सांगता येईना, कारण सांगायचंच नसतं. अण्णांनी मळ्यात माणूस पिटाळला. खोप रिकामी होती. नदीकाठ बघितला, शेजारच्या वस्तीवर बघितलं. डॉक्टर आमच्या ओसरीवर बसून राहिले. पुढच्या गावाला लोक जमलेले असणार, चपराशी सारखा सूर्याकडं बघत होता, तरी ते बसले. हे मी त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. शेवटी उठले तेव्हा अण्णांनी त्यांचे पाय धरले आणि म्हणाले, साहेब, गोळ्या तरी देऊन जा. ते नाही म्हणाले. गरोदर बाई, पायाला सूज, रक्त किती उरलंय माहीत नाही, न बघता दवा देणार नाही. उद्या गाडी करून अंबडला आणा, माझा दौरा आज संपतो, मी दवाखान्यातच आहे.

गाडीत चढता चढता ते थांबले आणि म्हणाले, "पटेल, उद्या ती बिलकुल बरी दिसेल. मग तुम्ही आणणार नाही. सगळे असंच करतात. बरी दिसली तरी आणा." अण्णा पटेल नव्हते, पण त्यांनी मान हलवली.

दिवस बुडाला आणि मागच्या दारानं दोघी आल्या. माय तिला जवळच्या जांब गावाला घेऊन गेली होती. राममंदिराच्या ओवरीत दोघी दिवसभर बसून होत्या, एक शब्द न बोलता. आणि त्या दिवशी ताप आला नाही. थोडाही नाही. अक्का चालत आली होती, तिच्या तोंडावर रंग होता, तिला भूक लागली होती. तिनं भाकरी आणि ठेचा खाल्ला, दुसरी भाकरी मागितली, आणि मुसळाला आपली चोळी घातलेली बघून ती इतकी हसली की पोट धरून खाली बसली. मी आयुष्यात अनेक वाईट संध्याकाळी बघितल्या. त्या आनंदाच्या संध्याकाळीइतकी कुठलीच मला आता छळत नाही.

अण्णांनी दिवसभराचा राग साठवून ठेवला होता, तो त्यांना काढताच येईना. पोर समोर बसून खाते आहे, तर ओरडायचं कशावर. ते एवढंच म्हणाले, की सकाळी गाडी जुंपायची, डॉक्टरांना शब्द दिला आहे. मायनं हातातलं ताट खाली ठेवलं.

"गेलेल्या तापासाठी हिला त्या खड्ड्याखुड्ड्याच्या वाटंनं आपटत न्यायची? सातव्यात? वाटंत काही झालं मंग कुणाला बोलू मी?"

यात चूक काय होती, मला अजून सांगता येत नाही. ती वाट मी पाहिली आहे. पावसाळ्यानंतर तिच्यात चाकं आसापर्यंत रुतायची. अण्णा अक्काकडं बघत म्हणाले, तुला काय वाटतं गं? ती म्हणाली, "अण्णा, मला आता काईच होऊन न्हाई राह्यलं. चार दिवस बघू ना." अण्णा म्हणाले, बघू. सकाळी बैल जुंपले ते मळ्यात न्यायला.

पुढची पाळी आली नाही. त्याच्या पुढचीही आली नाही. माय शेजारणींना सांगत फिरली. मला रोज गोळी घ्यायची होती आणि मी ती थुंकून टाकायची, म्हणून ते काम अक्कानं आपल्याकडं घेतलं. गुळाच्या खड्यात गोळी दाबायची, माझं नाक धरायची आणि गिळेपर्यंत सोडायची नाही. एकदा मी रडून म्हटलं, तूच घे की. ती म्हणाली, माझा तर चुकला, तुझा राह्यला ना. शेवटची गोळी तिनंच मला भरवली. मला त्यानंतर बरीच वर्षं हिवताप आला नाही.

तिला तो दसऱ्यानंतर परत आला. आता एक दिवसाआड नाही, रोज. आणि थंडी वाजायच्या आधीच ताप. अण्णांनी पहिल्याच दिवशी माझी पुडी शोधली. पुडीचा कागद होता, त्यात काही नव्हतं. दुसऱ्या सकाळी त्यांनी कुणाला न विचारता गाडी जुंपली, आणि माय एक शब्द न बोलता अक्काचं डोकं मांडीवर घेऊन गाडीत बसली. त्याच वाटेनं, तेच खड्डे. अर्ध्या वाटेत अक्का भलतंच बोलायला लागली, मला हाक मारून म्हणायला लागली की तोंड उघड, गीळ. मी घरी होते. हे मला अण्णांनी फार वर्षांनी सांगितलं.

अंबडला पोचले तेव्हा डॉक्टर जागेवर नव्हते. नदीकाठच्या गावांत तापाची मोठी साथ आली होती, म्हणून त्यांना पुन्हा दौऱ्यावर पाठवलं होतं. कंपौंडरनं त्याला येत होतं ते केलं. बाळ आधी गेलं, आणि दिवे लागायच्या सुमारास अक्का गेली.

तिकडून शहागडचे पाहुणे आले, जावई आले, रडून गेले. कुणी कुणाला दोष दिला नाही. गावात तर सगळे म्हणाले की बाळंतपणात गेली, आणि बाळंतपणात बाया जातातच. हिवतापाचं नावही कुणी घेतलं नाही. मला राग याचा येतो. माझी बहीण ज्यानं गेली त्याचं नावसुद्धा तिच्या मरणाला मिळालं नाही. हैदराबादेतल्या त्या मोठ्या माणसाच्या हिशेबात आमच्या गावची पानथरी गेली असेल, माझ्या पोटावर दाबलेली बोटं गेली असतील. अक्का कुठंच गेली नसेल.

अण्णा मायला कधी काही बोलले नाहीत. मी वाट बघत असायची की एकदा तरी बोलतील, कारण मायही वाट बघत असल्यासारखी दिसायची. ते मुसळ घरातून कधी गेलं ते कळलं नाही. माय कांडायला शेजारचं मागून आणायची, आणि शेजारीण ते न विचारता द्यायची. लोक म्हणतात काळ सगळं भरून काढतो. ज्यांचं काही गेलं नाही ते म्हणतात.

आता मला कळतं ते एवढंच. हिवताप मधेच आपणहून दडी मारतो, अंगात राहतो आणि पुन्हा उठतो. त्यानं नेमकी तीच पाळी सोडली. दुपारी जांबच्या ओवरीत अक्काला थंडी वाजली असती, तर माय हरली असती, आणि दुसऱ्या दिवशी गाडी अंबडला गेली असती. माय हरली नाही, तिथंच सगळं बुडालं.

पुढच्या वर्षी पाऊस सरल्यावर पुन्हा दवंडी झाली. डॉक्टर तेच होते. तोवर राज्यात गडबड सुरू झाली होती, हल्ल्याच्या भीतीनं अर्धं गाव रात्री मळ्यात झोपायला जायचं, तरी त्यांची पत्र्याची पेटी आली. सकाळी उठून मी बघते तर माय घरात नाही.  मी पळत चावडीवर गेले. लेकरं अजून जमली नव्हती, डॉक्टरांच्या गाडीचे बैल नुकते सुटत होते, आणि माय नवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन, सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. किती वेळची बसली होती कुणास ठाऊक.

डॉक्टरांनी तिला पुढं बोलावलं. डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली, नाडी बघितली, थंडी वाजते का विचारलं. तिनं मानेनं नाही म्हटलं. ताप? नाही. त्यांनी कंटाळून विचारलं, मग तुम्हाला होतंय काय, बाई? आल्या कशाला?

माय म्हणाली, "गेल्या साली तुम्ही घरी आल्ते, तवा आम्ही घरी नव्हतो. म्हणून आले."

डॉक्टरांनी तिच्याकडं क्षणभर बघितलं. वर्षात त्यांनी किती गावं आणि किती घरं बघितली असतील, त्यांना काही आठवलं नाही. त्यांनी तिला बाजूला व्हायला सांगितलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. माय बाजूला झाली, पण घरी गेली नाही. दुपारी त्यांची गाडी गावाबाहेर पडेपर्यंत ती तिथंच उभी होती.